खमीर म्हणजे काय?

संकटाला तोंड देण्याची धमक ज्याच्या अंगी असते त्याला आपण ‘खमीर असलेला माणूस’ म्हणतो. पाव फुगवणाऱ्या पदार्थालाही खमीरच म्हणतात. माझे वडील पुण्यातल्या एका बेकरीत काम करतात. ‘मीठ खमिरावर थेट टाकायचं नाही, मैद्यात मिसळायचं’, ‘पाणी कोमट हवं, कढत नको’ हे त्यांचे नियम मी लहानपणापासून ऐकत आले. कारण विचारले तर उत्तर एकच : ‘नाहीतर खमीर मरतं.’ मी कला शाखेची विद्यार्थिनी. तरीही या ‘मरतं’चा अर्थ शोधावासा वाटला, म्हणून हा लेख.

खमीर म्हणजे यीस्ट, एक एकपेशीय बुरशी. शास्त्रीय नाव सॅकरोमायसीस सेरेव्हिसी. एक पेशी साधारण ५ मायक्रॉनची. अशा २०० पेशी ओळीने मांडल्या तर कुठे एक मिलिमीटर भरेल. पेशीतला रस बाहेरच्या पाण्यापेक्षा दाट असल्यामुळे पाणी सतत आत शिरू पाहते. भोवती भिंत नसती तर पेशी फुटली असती. पेशीच्या कोरड्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा या भिंतीचा असतो. आतून ग्लुकान या शर्करेच्या लांब साखळ्यांचे जाळे, बाहेरून शर्करा जडलेल्या प्रथिनांचा थर आणि थोडेसे कायटिन. झुरळाच्या कवचात असते तेच हे कायटिन.

भिंत म्हटली की पुणेकरांना शनिवारवाड्याचा तट आठवणार. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला, तट तसाच उभा राहिला. आत काय घडले याची त्याला दादही नाही. यीस्टची भिंत अशी मुकी नसते. यीस्टला वाढायचे तर अंगावर कळी फुटावी लागते आणि त्यासाठी भिंत एका जागी सैल करावी लागते. फार सैल झाली तर पेशी फुटेल, झालीच नाही तर वाढ खुंटेल. म्हणून तोडणे आणि बांधणे ही दोन्ही कामे बरोबरच चालतात.

या कामावर पहाराही असतो. पेशीच्या पटलातून भिंतीत डोकावणारी काही प्रथिने ताण ओळखतात. डब्ल्यूएससी-१ हे त्यांपैकी एक. भिंत कमकुवत झाली की तिथून निरोप निघतो. एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे असा हातोहात तो केंद्रकापर्यंत पोचतो आणि दुरुस्तीची जनुके कामाला लागतात. ग्लुकान कमी पडले तर कायटिन कित्येक पटींनी वाढवले जाते.

आता वडिलांचे नियम पाहू. मीठ पेशीतले पाणी बाहेर खेचते, पेशी आक्रसते. मग ती आपल्या आत ग्लिसरॉल साठवते आणि पाणी परत आत येते. पण याला वेळ लागतो. मैद्यात पसरलेले मीठ ती सोसते. थेट अंगावर पडले तर तेवढी सवड मिळत नाही. उष्णतेचेही तसेच. आधी थोडी धग सोसलेली पेशी ट्रेहॅलोज नावाची शर्करा व संरक्षक प्रथिने तयार करून पुढची जास्त धग सोसते. एकदम चटका बसला तर मरते.

प्रश्न केवळ पावाचा नाही. साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल बनते तेही यीस्टमुळेच. तिथे पेशीला मळीतले क्षार, उष्णता आणि तिनेच तयार केलेले अल्कोहोल या तिन्हींशी झुंजावे लागते. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये या अल्कोहोल तंत्रज्ञानाचा अभ्यास चालतो. १९५० साली सुरू झालेल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तर उद्योगांना उपयोगी सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रहच आहे. तिथे यीस्टचे वाण जपून ठेवले जातात.

वैद्यकातही या भिंतीला महत्त्व आहे. माणसाच्या पेशीला अशी भिंत नसते. म्हणून कॅस्पोफंजिनसारखी औषधे ग्लुकानची निर्मिती रोखून बुरशीवरच नेमका घाव घालतात. काही रोगकारक बुरशी मात्र तेव्हाही कायटिन वाढवून तग धरतात.

ताठ उभे राहणे म्हणजे खमीर, असे आपण समजतो. यीस्टचे खमीर ताण वेळीच ओळखण्यात आणि मोडलेले पुन्हा बांधण्यात आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. वडिलांनी हाताने जाणलेले ग्रंथालयातल्या पुस्तकांशी जुळले, याचा मला फार आनंद झाला. घरातल्या आणखी कितीतरी नियमांना ‘का?’ विचारायचे अजून बाकी आहे.