सेवेचे तास आणि नागरिकत्वाचा धडा

तथागतांनी सारनाथहून साठ भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी दिशादिशांना पाठविले. ज्ञान मिळविलेल्याने लोकांत जावे, ही आपली परंपरा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथील विद्यार्थी संसदेत प्रश्न मांडण्याचा व विरोधी मत ऐकण्याचा सराव होई.

१९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर, असे तिचे स्वरूप. परंतु तास भरले म्हणजे सेवा घडली काय? शिबिरार्थी दत्तक गावातील गटार उपसून परतले, तर पुढील पावसाळ्यात ते पुन्हा तुंबते. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात तरतूद का नाही आणि उपसण्याचे काम एकाच वस्तीच्या वाट्याला का येते, हे ग्रामसभेत विचारण्याचे बळ गावकऱ्यांना लाभले, तरच सेवा सार्थ होते.

वसतिगृहात पाळीने झाडू हाती घेताना समतेचा हा धडा आपण गिरविला आहे. महाविद्यालयात गेलेल्या आपल्या मुलांना म्हणूनच विचारू या : तास किती झाले, यापेक्षा कोणता प्रश्न धसास लावला?