मुख्य विषयाबरोबर उद्योजकतेचा अभ्यास

जून महिना आला कीं पेरणीच्या घाईबरोबर शेतकऱ्याच्या घरांत आणखी एक घाई सुरू होते. ती मुलामुलींच्या महाविद्यालयीन प्रवेशाची. मुख्य विषय कोणता घ्यावयाचा याची घरांत पुष्कळ चर्चा होते. परंतु त्याच अर्जांत, किंवा कोठें पुढील सत्राच्या अर्जांत, जोडविषयाचा एक रकाना असतो व तो बहुधा शेजारच्या मित्राचें पाहून भरला जातो. या दुसऱ्या रकान्यासंबंधीं आज चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालीं जाहीर झालें. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें पदवीच्या अभ्यासक्रमाचा नवा आराखडा प्रसिद्ध केला. त्यांत मुख्य विषयास 'मेजर' व जोडविषयास 'मायनर' असें म्हटलें आहे. जोडविषयांत किमान १२ श्रेयांक मिळविले म्हणजे त्याचा उल्लेख पदवीबरोबर होऊं शकतो. एक श्रेयांक म्हणजे एका सत्रांत १५ तासांचें अध्यापन. तेव्हां १२ श्रेयांकांचे १८० तास झाले. आठ तासांचा दिवस धरिला तर ही साडेबावीस दिवसांची मजुरी! प्रात्यक्षिक असेल तेथें एका श्रेयांकास ३० तास द्यावे लागतात. महाराष्ट्रांत ही रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. निरनिराळ्या विद्यापीठांचे नियम अगदीं सारखे नाहींत, आणि उद्योजकता हा जोडविषय प्रत्येक महाविद्यालयांत मिळेलच असेंही नाहीं. म्हणून चौकशी आधींच करावी.

साडेबावीस दिवसांत कोणी व्यापारी होत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मग या विषयाचा उपयोग काय? आमच्या मतें मुख्य उपयोग एकच, व तो म्हणजे स्वतःच्या मालाचा खरा हिशेब मांडतां येणें. उदाहरणार्थ बेदाण्याचें पाहूं. एक किलो बेदाण्यास सुमारें चार किलो द्राक्षें लागतात. येथील आंकडे केवळ समजुतीसाठीं धरिले आहेत. समजा, बागेंत ताज्या द्राक्षांस किलोस ३० रुपये भाव मिळत होता. द्राक्षें द्रावणांत बुडविणें, शेडमध्यें रॅकवर सुकविणें व मजुरी यांस बेदाण्याच्या एका किलोमागें ३० रुपये लागले. प्रतवारी, बॉक्स व शीतगृह यांस १२ रुपये. सहा महिन्यांनीं माल १८० रुपये किलोनें विकला. घरांत आनंद होतो कीं ४२ रुपये खर्चून १८० आले, म्हणजे किलोस १३८ रुपये सुटले!

हा आनंद खोटा आहे. द्राक्षें घरचीं असलीं तरी फुकटचीं नव्हेत. तीं त्याच दिवशीं विकलीं असतीं तर चार किलोंचे १२० रुपये हातीं आले असते. ते धरिले कीं खर्च १६२ होतो. शिवाय त्यांपैकीं सुमारें १५० रुपये सहा महिने अडकून पडले. वार्षिक शेंकडा १२ दरानें त्यांचें व्याज ९ रुपये. एकूण खर्च १७१, व नफा किलोमागें अवघे ९ रुपये. भाव दहा रुपयांनीं उतरला तर तोही नाहीं. आतां अशा घरानें वर्षाला ९०,००० रुपये हप्ता व देखभाल लागेल असें प्रतवारीचें यंत्र घेण्याचें मनांत आणिलें, तर केवळ तो खर्च भरून निघण्यास १०,००० किलो, म्हणजे दहा टन बेदाणा करावा लागेल. (यंत्रामुळें मजुरी वांचत असेल तर ती वजा करून हिशेब पुन्हा मांडावा.) घरचा बेदाणा तीन टनांचा असेल तर यंत्र शेजाऱ्यांबरोबर घ्यावें किंवा घेऊंच नये. हें गणित चौथ्या इयत्तेचें आहे. तें मांडण्याची संवय मात्र फार थोड्या घरांत आढळते.

हा विषय कोणत्याही मुख्य विषयाबरोबर घेतां येतो यांतच त्याची खरी सोय आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास माल काळा कां पडतो हें कळेल, संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यास दहा वर्षांचे भाव वाचतां येतील, आणि मराठी वाङ्मय शिकणाऱ्या मुलीस गिऱ्हाइकास समजेल अशा भाषेंत मालाचें वर्णन लिहितां येईल. केवळ जोडविषयाच्या भरंवशावर मुख्य विषयाची आबाळ करणारा मुलगा मात्र दोन्हीकडून जातो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकण्यास गेले होते. रंगांधळेपणामुळें रंग सोडावे लागले, तेव्हां त्यांनीं यंत्रांचें रेखाटन हातीं धरिलें व तेंच पुढें शिकविलें. १८८८ सालीं बेळगांवीं सायकलचें दुकान काढिलें, त्यानंतर लोखंडी नांगर केला आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. रेखाटन पक्कें होतें म्हणून नांगर झाला. परंतु लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें पहिले नांगर खपण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं. नांगर करणें ही एक विद्या व शेतकऱ्याचें मन वळविणें ही दुसरी. त्या काळीं ही दुसरी कोणत्याही वर्गांत शिकवीत नसत.

कृषि महाविद्यालयांत जाणाऱ्यांची व्यवस्था थोडी वेगळी आहे. तेथें २०१५ सालीं जाहीर झालेल्या 'स्टुडंट रेडी' या योजनेखालीं ग्रामीण कार्यानुभव व अनुभवाधारित शिक्षण हे पदवीचेच भाग आहेत.

आतां वडील मंडळींस कांहीं स्पष्ट सांगणें भाग आहे. जोडविषयाच्या वर्गांत प्रकल्पाचा आराखडा करून घेतात व तो कागदावर फार सुंदर दिसतो. त्याच्या बळावर सातबाऱ्यावर बोजा चढवूं नये. पहिला प्रयोग एक टन मालाचा करावा. बुडाला तरी घर बुडणार नाहीं. परंतु मुलास अगदीं हात न लावूं देणें हाही उपाय नव्हे. पुष्कळ घरांत सोसायटीचें कर्ज किती, खतवाल्याचें देणें किती, हें वीस वर्षांच्या मुलाला, आणि मुलीला तर बहुधा कधींच, सांगितलें जात नाहीं. तीं मुलें वर्गांत परक्या कारखान्याचा ताळेबंद वाचतात व घरच्या ताळेबंदाविषयीं अंधारांत राहतात. ज्या वर्षीं हा विषय घेतला त्याच वर्षीं घरची वही त्यांच्यापुढें उघडावी. लाज वाटेल, पण जमीन त्यांच्याच हातीं जावयाची आहे.

आणखी एक गोष्ट. कायद्याप्रमाणें दहा उत्पादकांस मिळून उत्पादक कंपनी स्थापतां येते. अशा कंपनीस सभेचें इतिवृत्त लिहिणारा, साठा मोजणारा व बँकेशीं पत्रव्यवहार करणारा माणूस लागतो, आणि तो गांवांत मिळणें कठीण पडतें. या आराखड्यांत प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासही श्रेयांक आहेत. प्रवेशाच्या वेळीं प्राध्यापकांस दोन प्रश्न अवश्य विचारावेत: खर्चाचा हिशेब प्रत्यक्ष मांडावयास शिकवितात काय, आणि हा अनुभव गांवच्या कंपनींत किंवा शीतगृहांत घेतां येईल काय. बेदाण्याचा मुख्य हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे नेमका अभ्यासाच्या दिवसांत येतो. परंतु उन्हाळी सुटींत माल शीतगृहांत असतो, आणि सांगली-तासगांवचे सौदे पाहण्यास मुलास तेव्हां मोकळीक असते.