देव जाणणे म्हणजे काय?

जवाहरनगर परिसरातून श्रीक्षेत्र अंभोऱ्यास जाणाऱ्या भाविकाच्या मनी एक आस असते : देव दिसावा. वैनगंगेच्या या संगमक्षेत्री श्रीमुकुंदराजांनी शके १११० (इ.स. ११८८) मध्ये ‘विवेकसिंधु’ रचला, अशी परंपरा आहे. (आंबेजोगाईचाही तसा दावा आहे, तो वाद अभ्यासकांकडे सोपवावा.)

आख्यायिका अशी, की राजा जैत्रपाळ साधूंना म्हणे, रिकिबीत पाय ठेवून घोड्यावर स्वार होईपर्यंत ब्रह्म दाखवा, अन्यथा बंदिवास! अनेक साधू कोंडले गेले. खरे पाहता मागणीच सदोष होती. जे दाखविता येते ते पाहणाऱ्याहून वेगळे असते. आणि अद्वैत मताप्रमाणे ब्रह्म हे तर पाहणाऱ्याचेच स्वरूप. ते समोर कसे आणावे? म्हणून देह, इंद्रिये, मन ‘हे मी नव्हे’ असे एकेक निवडून बाजूस सारावे लागते. ग्रंथनामातील ‘विवेक’ तो हाच. यानंतरही जो जाणणारा उरतो, त्याला मात्र बाजूस सारता येत नाही. सारणाराच तो असतो.

मुकुंदराजांनी राजास काहीच दाखविले नाही. रिकिबीत पाय असतानाच त्याची समाधी लागली. साधू बंधमुक्त झाले आणि राजा शिष्य झाला.