पाणी कुठे थांबतं ते आधी बघ

बाळा, घराचा ताबा मिळाला म्हणून लगेच रंगारी बोलावू नकोस. एक पावसाळा त्या भिंतींवरून जाऊ दे. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत सगळा मारा खाते, आणि तुझी निजायची खोली नेमकी पश्चिमेला आहे. ओल जिथे उमटेल तिथे पेन्सिलीने खूण करून ठेव. घरात आणि कुंडीत जे बिघडतं, त्यातलं पुष्कळसं पाणी नको तिथे थांबल्याने बिघडतं. ते कुठून आलं हे कळण्याआधी रंगावर किंवा खतावर घातलेला पैसा वाया जातो.

ओल भिंतीतून येते की खोलीतल्या दमट हवेतून, हे ओळखायला सोपं आहे. वीतभर प्लॅस्टिक भिंतीला लाव, चारही कडा चिकटपट्टीने बंद कर आणि एक-दोन दिवस तसंच राहू दे. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी आतून येतंय. बाहेरची भेग, वरच्या मजल्यावरची न्हाणी, गळका पाइप, यांपैकी काहीतरी शोधायला हवं. खोलीकडच्या बाजूला जमले तर खिडक्या उघड्या ठेव आणि ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नकोस.

भिंतीवर पांढरी भुकटी दिसली तर तो लोणा. विटा-सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ओल्या फडक्याने पुसशील तर ते विरघळून पुन्हा भिंतीत जातील, म्हणून कोरड्या ब्रशने झाडायचे. त्यावर वॉलपेपर किंवा ऑइलपेंट तर मुळीच नको. ओल आत कोंडते आणि पुढच्या वर्षी पोपडे धरतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेव. तसबिरींच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटव, म्हणजे मागे वारा खेळेल आणि बुरशी धरणार नाही.

आता बाल्कनी. पान मलूल दिसलं की लगेच तांब्या उचलायचा नाही. आधी बोट मातीत खुपस, दोन पेरांपर्यंत. माती ओली असून झाड माना टाकत असेल तर मुळं गुदमरली आहेत. मुळांना हवा लागते, आणि चिखल झालेल्या मातीत ती शिरत नाही. पाणी थांबव, कुंडीचं भोक बुजलंय का बघ. नवी कुंडी भरताना भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवायचा, पाणी जातं आणि माती अडते. नुसती काळी माती भरू नकोस, ती ओली झाली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. तिच्यात चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू किंवा कोकोपीट मिसळ.

तुळशीचं तर मला फार वाटतं, कारण ती आपल्या भक्तीनेच मरते. तुळशीच्या लग्नानंतर थंडी पडते, तिची वाढ मंदावते, आणि आपण मात्र रोज तांब्याभर पाणी ओततो. पूजेला पळीभर पाणी पुरतं गं. मंजिऱ्या आल्या की खुडत जा, नाहीतर सगळा जोर बियांत जातो. एखादी मंजिरी मात्र झाडावरच वाळू दे, पुढची रोपं त्यातूनच होतील.

जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. तिथे मुंग्यांची रांग असतेच. ढेकूण गोड चिकटा सोडतात, तो मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या ढेकणांची राखण करतात. मुंग्यांची वाट तोडल्याशिवाय फवारणी टिकत नाही. फार लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाक, बाकीचे पाण्याच्या जोरदार धारेने धू. मग लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवार. पानांच्या पाठी चुकवू नकोस, त्यांचा संसार तिथेच असतो. आठवड्याने पुन्हा फवार, कारण अंड्यांतून नवे निघतात. चहाचा चोथा घालायचा असेल तर दूध-साखर धुऊन, वाळवून. नाहीतर मुंग्यांना आमंत्रणच.

मोगऱ्याला फुलं नव्या फुटीवर येतात. थंडी ओसरताना छाटणी कर आणि त्याला बाल्कनीतली सगळ्यात उन्हाची जागा दे.

कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा ओतून घासून घे, डेंग्यूचे डास तेवढ्याशा पाण्यातही वाढतात. आणि दिवाळीला गावी जाशील तेव्हा कुंड्या सावलीत एकत्र ठेव, मध्ये स्टुलावर पाण्याची बादली. बादलीच्या तळापासून प्रत्येक कुंडीच्या मातीत जाड सुती नाडी पूर, आधी भिजवून. हे निघायच्या दोन दिवस आधी लाव आणि बोटाने माती तपास. कोरडी लागली तर नाडी दुहेरी कर, नाहीतर शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन जा.