पांढऱ्या खड्यांचे पोते घेण्याआधी खालचे पान पाहा



खोडवा फुटून वर आला आणि पाने फिकी दिसू लागली, की खताच्या दुकानात हमखास एक पोते पुढे केले जाते. मॅग्नेशियम सल्फेट. पांढरे, चकचकीत खडे. काही जण यालाच एप्सम सॉल्ट म्हणतात. शेजारच्यांच्या परसातला गुलाब आणि लिंबू यानेच हिरवेगार झाले असे कानावर आलेले असतेच. मग आपणही उसाला एकरी पोते टाकून मोकळे होतो. म्हणून या अंकात आम्ही या खड्यांचाच विचार करणार आहोत. ते कुठे लागू पडतात आणि कुठे पैसे मातीत जातात, हे एकदा नीट समजून घेऊ.

नावाची गोष्ट थोडक्यात. लंडनजवळ एप्सम नावाचे गाव आहे. १६१८ च्या सुमारास तिथल्या पाण्याचा कडूपणा लोकांच्या ध्यानात आला. ते पाणी आटवून जे मीठ निघाले, त्याला गावाचे नाव चिकटले. आपल्याकडे जनावराचे पोट गच्च झाले की डॉक्टर जुलाबासाठी देतात, ते हेच. मीठ म्हटले तरी हे जेवणातले मीठ नव्हे बरं का. जेवणातल्या मिठाने झाडाचे काय होते, ते क्षारपड रान पाहिलेल्याला सांगायला नको.

या खड्यांत शेकडा साडेनऊ भाग मॅग्नेशियम आणि बारा भाग गंधक असते. जवळजवळ निम्मे वजन तर पाण्याचेच. म्हणजे ५० किलो माल नेला, तर त्यातून पिकाला मॅग्नेशियम मिळणार पावणेपाच किलो. आता पानाचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्याचा, त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम बसलेले असते. शिवाय पानात तयार झालेली साखर कांडीकडे वाहून नेण्यासाठीही ते लागते. तेव्हा ऊसवाल्याने याला हलके समजू नये. प्रश्न एवढाच, की आपल्या रानात ते खरोखर कमी आहे का?

काळ्या भारी जमिनीत मातीच्या कणांनी धरून ठेवलेले मॅग्नेशियम एकरी शेकडो किलो असते. तिथे पावणेपाच किलोने काय होणार? कमतरता पडते ती प्रामुख्याने जास्त पावसाच्या पट्ट्यातल्या तांबड्या, जांभ्या जमिनीत, कारण तिथे पावसाने ते धुपून जाते. हलक्या मुरमाड रानातही पडते, आणि पालाश भरमसाट टाकणाऱ्याच्या शेतात पडू शकते, कारण पालाश फार झाले की मुळे मॅग्नेशियम कमी उचलतात.

ओळखायचे कसे? पीक स्वतः सांगते. मॅग्नेशियम झाडात हिंडते-फिरते. कमी पडले की झाड जुन्या पानातले काढून नव्या पानाला देते. म्हणून खूण दिसते ती आधी खालच्या, जुन्या पानांवर. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. लिंबाच्या पानावर देठाकडे हिरवा त्रिकोण तेवढा उरतो. उसात जुन्या पानांवर पिवळे, मग तांबूस-तपकिरी ठिपके येतात. त्यावर बोट घासून पाहावे. भुकटी बोटाला लागली तर तो तांबेरा रोग आहे, खताचा विषय नाही. जुने पान शिरांसकट सारखेच फिके पडले असेल तर नत्र कमी आहे. कडा आणि शेंडे करपून पानाच्या मधल्या शिरेची वरची बाजू लालसर झाली असेल तर पालाश.

आणि आपल्या चुनखडीच्या जमिनीत खोडव्याला जो केवडा पडतो, तो दिसतो वरच्या कोवळ्या पानांवर. तो लोहाचा. लोह जुन्या पानातून हलत नाही, म्हणून नवे पान उपाशी राहते. त्याला मॅग्नेशियम कितीही द्या, पान हिरवे होत नाही. त्याला हिराकस हवे. लिटरला ५ ग्रॅमप्रमाणे ताजे द्रावण करून फवारावे, आणि जमिनीतून द्यायचे तर शेणखतात मुरवूनच. नुसते टाकलेले हिराकस चुनखडी लगेच बांधून ठेवते. चुकीच्या पोत्याचा पैसा जातो तो जातोच, पण महिनाभर वाट पाहण्यात फुटवे मागे पडतात. तो तोटा जास्त. गवताळ वाढीच्या बेटातली पांढरी पाने मात्र कशानेच सुधारत नाहीत. ते बेट मुळासकट काढून टाकावे.

यात आणखी एक भानगड आहे. झिंक सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट दिसायला सारखेच, आणि झिंक महाग. त्यामुळे झिंकच्या नावाखाली हे खडे गळ्यात मारण्याचे प्रकार होतात. घरी पारख करता येते. थोडे डीएपी पाण्यात विरघळवून वरचे निवळ पाणी घ्यावे, त्यात संशयित खतांचे द्रावण ओतावे. झिंक असेल तर दह्यासारखा पांढरा साका धरतो. मॅग्नेशियमचा तसा धरत नाही. पक्की पावती मात्र घ्यावीच, त्याशिवाय तक्रार उभी राहत नाही.

परसबागेत मात्र हे खडे कामाचे आहेत. कुंडीतली माती थोडी, रोज पाणी, त्यामुळे मॅग्नेशियम वाहून जाते. जुन्या पानांवर वरची खूण दिसली तर लिटरला १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन लहान चमचे, विरघळवून संध्याकाळी फवारावे. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. खूण नसताना देऊ नये. टोमॅटोच्या फळाचा बुडखा काळा पडतो त्यावर तर मुळीच नको. तो चुन्याच्या कमतरतेने आणि पाण्याच्या अनियमितपणाने पडतो, आणि मॅग्नेशियमने उलट वाढतो.

ठिबक असलेल्यांनी हे खडे कॅल्शियम नायट्रेटबरोबर एका टाकीत कालवू नयेत. दोन्हींचा जिप्सम होऊन ड्रिपर बंद पडतात.

माती परीक्षणाबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. २०१५ साली सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात, त्यात लोह आणि जस्त आहे, पण मॅग्नेशियम नाही. तेव्हा मातीचा नमुना देतानाच मॅग्नेशियमची तपासणी वेगळी मागावी. तेवढ्यानेही शंका राहिली तर सगळ्या रानात टाकण्याऐवजी चार सऱ्यांवर फवारून, शेजारच्या चार तशाच सोडाव्या आणि दोन आठवड्यांनी दोन्ही पाहावे.

घरात उरलेले खडे डब्यावर नाव लिहून, उंचावर ठेवावेत. दिसायला ते साखरेसारखेच असतात, आणि सणासुदीला सभासदांच्या घरात साखर भरपूर असते.