थांबण्यास किती रस्ता लागतो?

कोल्हापुराहून निपाणी, संकेश्वर यांवरून बेळगावास जाणारा पुणे-बंगळूर मार्ग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आज त्यास राष्ट्रीय महामार्ग ४८ म्हणतात. असा रस्ता ओलांडताना ‘मोटार अजून दूर आहे, थांबेल’ असे आपण सहज म्हणतो. हे म्हणणे कितपत खरे, याचा निर्णय गणिताने करू या.

समजा, मोटारीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदास २० मीटर आहे. कोरड्या, सपाट रस्त्यावर ब्रेक दाबताच तो दर सेकंदास ५ मीटरने घटतो, असे धरू. यासच एकसमान मंदन म्हणतात. वेग शून्य होण्यास ४ सेकंद लागतील. आरंभीचा वेग २०, अखेरचा शून्य. म्हणून सरासरी १०, आणि ४ सेकंदांतील अंतर ४० मीटर. थोडक्यात, वेगाच्या वर्गास मंदनाच्या दुपटीने भागावे. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एकसमान त्वरणाचा जो नियम मांडला, त्याचेच हे उलट रूप होय.

परंतु धोका दिसणे व पाय ब्रेकवर पडणे यांत सुमारे एक सेकंद जातो. तेवढ्यात मोटार २० मीटर पुढे येते. एकूण अंतर ६० मीटर झाले. वेग निम्मा असता तर हेच अंतर १० अधिक १०, म्हणजे अवघे २० मीटर भरले असते.

आता ४० मीटरांवर एक मूल रस्त्यात आले आहे, अशी कल्पना करा. मंद मोटार त्याच्या २० मीटर अलीकडेच थांबेल. वेगवान मोटारीस ब्रेकसाठी केवळ २० मीटर उरतील. तेवढ्यात वेगाचा वर्ग ४०० वरून २०० वर येईल. म्हणजे मुलापाशी पोहोचताना तिचा वेग सेकंदास सुमारे १४ मीटर, ताशी सुमारे ५१ किलोमीटर असेल!

निपाणीजवळच्या तवंदी घाटासारख्या उतारावर स्थिती अधिक बिकट होते. पावसाने मंदन अडीचवर आले आणि वीस मीटरांस एक मीटर असा उतार असला, तर गुरुत्वाकर्षण त्यातील सुमारे अर्धा हिरावून घेते. उरलेल्या दोनने गणित केल्यास ब्रेकनंतरचे अंतर १०० मीटर, आणि एकूण १२० मीटर येते.

विद्यार्थिमित्रहो, ताशी १०८ किलोमीटर वेगाचे उदाहरण कोरडा, सपाट रस्ता धरून आपण स्वतः सोडवून पाहावे. उत्तर पुन्हा १२० मीटरच येईल. चालकाची इच्छा कितीही चांगली असो, या अंतराच्या आत मोटार थांबत नाही, हे ध्यानी धरूनच रस्त्यावर पाऊल टाकावे, एवढीच आमची विनंती.