शहरी दारिद्र्य आणि उत्पन्नाचा आधार

दारिद्र्य म्हटले की दुष्काळी खेडे डोळ्यांपुढे येते. परंतु आपल्या फोंड्यासारख्या वाढत्या शहरातही दारिद्र्य आहे, आणि त्याला जातीचा व भाषेचा रंग आहे. येथे इमारतींवर घमेली वाहणारे पुष्कळ मजूर उत्तर कर्नाटकातून आलेले असतात.

गरिबाच्या हाती थेट पैसा दिल्याने काय साधते? गरिबाची सीमांत उपभोग प्रवृत्ती अधिक असते. मिळालेला रुपया तो धान्य, औषध, वह्या-पुस्तके यांवर लगेच खर्च करतो. त्यामुळे स्थानिक बाजारात मागणी वाढते. शिवाय हक्काचे उत्पन्न असले की मुकादमाकडे उचल मागावी लागत नाही. पिढीजात परावलंबन येथूनच सैल होऊ लागते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना १९७२-७३ च्या दुष्काळात आधार ठरली आणि १९७७ च्या कायद्याने कामाला हक्काचे रूप आले. खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला. म्हणजे शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराला हात दिला. मात्र शहरातला गरीब या हमीबाहेरच राहिला.

गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आणि २०१२ ची गृह आधार योजना यांनी अनेक घरांना दरमहा रोख आधार दिला. परंतु दोन्हींसाठी राज्यात १५ वर्षांचे वास्तव्य लागते. राज्याचा पैसा रहिवाशांसाठी, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण कामामागे गावोगाव फिरणाऱ्याने १५ वर्षांचा दाखला आणावा कोठून?

एक वाट बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने घालून दिली. बांधकाम खर्चावर किमान १ टक्का उपकर घेतला जातो. मागील १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर राबलेला, १८ ते ६० वयाचा कामगार नोंदणी करून लाभार्थी होऊ शकतो. येथे कसोटी जन्मभूमीची नाही, श्रमाची आहे. अडते ते नोंदणीपाशी. कारण अर्ज भरणे आणि कामाचा दाखला मिळवणे निरक्षर मजुराला जड जाते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांना मराठी व कन्नड दोन्ही येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एखाद्या शिबिरात आपण हे अर्ज भरून दिले, तर वर्गात शिकलेले अर्थशास्त्र कुणाच्या तरी चुलीपर्यंत पोहोचेल.